कापलेली शेपटी

नव्या गाडीचा मातीचा नमुना घडवणाऱ्या मिस्त्रीला कारखान्यात पाठीमागे सगळे जमदग्नी म्हणत, आणि ते काही उगाच नाही. आपल्या आकारात कुणी नाक खुपसलेलं त्याला मुळीच खपत नसे. या वेळी नाक खुपसणारा निघाला बायकोचा धाकटा भाऊ, जो आता त्याचाच साहेब होऊन बसला होता.

भांडण शेपटीवरून पेटलं. मिस्त्रीने गाडीची पाठ लांबवर उतरती, निमुळती केली होती. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, ही गाडी शहरात फिरणार. तीस-चाळीसच्या वेगाला वारा अडवतो तो कितीसा? मागे बसणाऱ्याचं डोकं मात्र या उतरत्या छताला आपटेल. छत वर घ्या आणि शेपटी कापा."

"आणि मोठ्या रस्त्यावर? वेग दुप्पट झाला की वारा चौपट आडवा येतो, हे तुला मीच शिकवलं ना रे? कापतो! पण शंभराच्या वर वाऱ्याच्या अडथळ्याचा आकडा बिघडला नाही, तर या कारखान्यात पुन्हा पाय ठेवणार नाही."

"माझ्या भावाशी वैर धरून काय मिळणार तुम्हाला?" घरी बायकोने विचारलं. त्याने ताट सरकवलं.

कापताना त्याच्या मनात पाप आलं. कड किंचित गोल ठेवली, तर वारा तिला चिकटून वळेल, गाडीला मागे ओढेल आणि मेव्हणा तोंडघशी पडेल. कुणाला कळणारही नव्हतं. पण गचाळ कड त्या हाताला जमेचना. स्वतःवरच चरफडत त्याने ती अशी सरळ, धारदार उतरवली की बघत राहावं.

नमुना वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पंखे सुरू केले. चाळीसला काहीच फरक नाही. मिस्त्री तुच्छतेने हसला. मग शंभर, मग एकशेवीस. आकडा जवळजवळ तोच, जो शेपटी असताना होता. वारा त्या धारेवरून असा सरळ सुटत होता, जणू शेपटी अजून जागेवरच आहे. यंत्र बिघडलंय म्हणून मिस्त्रीने आकाशपाताळ एक केलं. पुन्हा मोजलं, तरी तेच.

मेव्हण्याने कडेवरून बोट फिरवलं. "भावोजी, ही जराशी गोल ठेवली असती, तर तुम्ही जिंकला असता. ठाऊक होतं ना?"

"बोट काढ आधी! ठसा उमटेल," मिस्त्री खेकसला. मग हत्यारं तिथेच टाकून तो निघून गेला, तो कायमचाच.