झाडातल्या बाईसाठी लेन्स

माझी बायको जायच्या आधी तीन महिने खाटेवर होती. खाट मी गॅलरीच्या दाराशी ओढली होती, कारण घरातली माणसं बघून ती कंटाळली होती. घरातली माणसं म्हणजे मी एकटाच. ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती म्हणाली, "अहो, त्या झाडात बाई कोंडलीय. तिचा नवरा येऊन तिला घास भरवतोय."

मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "नशीबवान आहे. माझ्या बायकोला भरवलं तर ती थुंकते."

दुसऱ्या दिवशी परत तेच. बाई, नवरा, घास. आठवडाभर हेच चाललं. मी घाबरलो. खरं सांगायचं तर घाबरलो कमी आणि वैतागलो जास्त. डॉक्टरांना जाऊन सांगितलं, हिला झाडात बायका दिसतात. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. ती दुपारभर झोपायला लागली आणि बाईचा विषय संपला. दहाव्याला घाटावर चहा पिताना मी हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगितला. शेवटी डोकं गेलं हो तिचं, म्हणालो. लोक तोंडावर रुमाल धरून हसले. मीपण हसलो.

ह्या वैशाखात मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. हल्ली मीच घालतो आणि वाईट घालतो. रस्त्यापलीकडे, भिंतीच्या आड एक जुनं शिरीषाचं झाड आहे. राखाडी रंगाचा, मोठ्या वाकड्या चोचीचा एक पक्षी आला, खोडाला बिलगला, मान पुढे करून खोडालाच काहीतरी दिलं आणि उडाला. थोड्या वेळाने परत आला. परत दिलं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात, शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांना विचारलं.

"अहो, तो धनेश," त्या म्हणाल्या. "मादी ढोलीत बसते आणि दार लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. अंडी, पिल्लं होईपर्यंत नर बाहेरून भरवतो. इथे दरवर्षी असतात. तुम्ही कधी पाहिलं नाहीत?"

"नाही," म्हणालो. वर आलो आणि उरलेले कपडे बादलीत तसेच ठेवून खुर्चीत बसलो.

बाई. पक्ष्याचं नाव तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मादी हा शब्द तिने जन्मात कधी उच्चारला नसेल. माहेरच्या सवयीने, कुठेही कोंबडी अंड्यांवर बसलेली दिसली की ती म्हणायची, बाई बाळंतपणाला बसल्या. चाळीस वर्षं मी हे ऐकलं. आणि नेमका त्याच आठवड्यात शब्द धरून बसलो.

तोंडाने केलेली घाण तोंडाने पुसता आली असती तर बरं झालं असतं. पण मी आता सांगायला गेलो असतो तर सगळे म्हणाले असते, एकटा राहून म्हाताऱ्याचंही डोकं गेलं. फोटो पाहिजे होता. फटीतून आलेली चोच दिसणारा फोटो. आणि खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या होत्या की थोड्याच दिवसांत मादी दार फोडून बाहेर पडेल. मग नुसतं भोक उरेल, आणि भोकाच्या फोटोवर कोण विश्वास ठेवतो?

जावयाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला होता, विरंगुळा म्हणून. त्याच्या लेन्समधून झाड छान यायचं आणि पक्षी मोहरीएवढा. म्हणून बिबवेवाडीहून बस धरली, स्वारगेटला उतरलो आणि चालत कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो.

"काका, बजेट किती?" दुकानदाराने विचारलं.

"तुम्ही वस्तू दाखवा. बजेट मी रडून दाखवतो."

त्याने काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या. एक काळी, काकडीएवढ्या वजनाची. दुसरी पांढरी, हातात घेतली तर वरवंटा.

"काळी तीनशे एमएमपर्यंत जाते, लांबचं जास्त जवळ आणते. पांढरी दोनशेपर्यंत, पण प्रोफेशनल आहे. काळीच्या दहापट किंमत."

"म्हणजे कमी लांबचं दाखवायचे जास्त पैसे?"

"ती फास्ट आहे, काका."

"मला घाई नाही. पक्षीण बसलेलीच आहे."

त्याने माझ्याकडे बघून घेतलं. "फास्ट म्हणजे उजेड जास्त आत घेते. लग्नाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, अंधुक असेल तिथे फोटो हलू देत नाही."

मी शाळेत चौथीपुढे गेलो नाही, पण हडपसरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ चालवली. काळीची कडी फिरवली तर तिची नळी पुढे आली आणि टोकाला डुगडुगली. किंचितच, पण बोटाला कळतं. असला जॉब मी करून दिला असता तर सुपरवायझरने माझ्याच पायावर टाकला असता. पांढरी फिरवली. काही पुढे येत नाही, काही हलत नाही, तेल दिलेल्या स्पिंडलसारखी फिरते. मनात ठरवलं, हीच. बँकेतली ठेव मोडू. बायकोच्या आजारपणासाठी ठेवली होती, पण ती काटकसरी, ठेवीला हात न लावता गेली.

"पांढरी द्या," म्हणालो.

"कशाचा फोटो काढायचाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, गोळीसकट. घरच्यांपैकी कुणाला सांगता आलं नव्हतं. ह्याला सांगितलं, कारण हा मला ओळखत नव्हता. तो फडक्याने काच पुसत होता, तो पुसता पुसता थांबला.

"झाड किती लांब?"

"क्रिकेटची दोन पिचं."

"मग पांढरीत चोच अगदी बारीक येईल. काळीत जरा मोठी येईल. दुपारचं ऊन आहे, झाड कुठे पळत नाही. तुम्हाला उजेड विकत घ्यायची गरजच नाही. लेन्सला खालून टेकू द्या."

"पण ही डुगडुगते."

"तुमच्या हातापेक्षा कमी."

"असू दे. पांढरीच द्या."

"काका, फोटो काढायचाय की प्रायश्चित्त घ्यायचंय? प्रायश्चित्ताला पांढरी उत्तम. मलाही परवडते."

पुण्यात दुकानदार गिऱ्हाइकाला हाकलतो हे माहीत होतं. स्वस्त मालाकडे हाकलणारा हा पहिलाच. मी काळी घेऊन आलो.

गॅलरीच्या कठड्यावर तूरडाळीची पिशवी ठेवली आणि लेन्स तिच्यात रुतवली. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असं लावून ठेवलं, म्हणजे माझा हात मध्ये नको. पहिल्या दिवशी सालीचे फोटो आले. दुसऱ्या दिवशी नराची शेपटी. तिसऱ्या दिवशी मध्येच एक कबुतर येऊन बसलं, त्याचा फोटो मात्र फार सुरेख आला. चौथ्या दिवशी दुपारी नर चोचीत उंबर घेऊन आला, आणि फटीतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं. फोटो जरासा धुरकट आहे. पण चोच आहे.

तो मी फोनवर घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली चार ओळी लिहिल्या, त्याला तासभर लागला. 'हीच ती झाडातली बाई. आमच्या हिचं डोकं ठीक होतं. मी उठून बघितलं नाही आणि डॉक्टरला खोटं सांगितलं. गोळी मीच देत होतो.'

पाच जणांनी हात जोडले. एकाने सुप्रभातचा गुलाब पाठवला, दुपारी. व्याह्यांनी विचारलं, 'अप्रतिम! लेन्स कोणती?'

मग धाकट्या मेहुणीचा फोन आला.

"दाजी, तिने मला सांगितलं होतं. मी म्हणाले, दाजींना दाखव की. तर म्हणाली, ते उठत न्हाईत."

मी फोन घेऊन गॅलरीतल्या खुर्चीत बसलो.

"आता मी तुम्हाला बोलू का?"

"बोल."

"मधे तोंड घालायचं न्हाई."

"नाही घालत."

तिने लग्नाच्या वर्षापासून सुरुवात केली. चांगला पाऊण तास बोलली, एकदाच पाणी प्यायला थांबली. बरंचसं खरं होतं. काही शिव्या तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या वाट्याच्या होत्या, पण बाई ओघात होती, म्हणून त्याही मी घेतल्या.