साठवणुकीचा खर्च शून्य

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने ऑफिसातली अक्कल घरी आणू नये. मी आणली.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. एका वेळी किती माल काढायचा, ते गणिताने ठरवायचं. सारखं मशीन धुऊन नव्याने सुरू करणं महाग, म्हणून लॉट मोठा हवा. पण माल पडून राहिला की त्याचाही खर्च, म्हणून फार मोठा नको. एवढंच असतं हो त्यात.

आमच्या सुनंदाला पोलादपूरच्या दुकानदाराने तांदळाच्या पापडांची पहिली ऑर्डर दिली. शिमगा झाल्यावर माल वेळेत पोचला, तर पुढेही तिच्याकडूनच घेणार होता. ती रोज थोडे थोडे लाटणार होती. मी लॅपटॉप उघडला.

"रोज उकड काढा, रोज बायका गोळा करा. त्यापेक्षा एकदाच मोठा लॉट काढ."

"अहो, पण ठेवायचे कुठे?"

"माजघरात. जागा आपलीच, साठवणुकीचा खर्च शून्य."

तिने ऐकलं. घरात कुणीतरी माझं ऐकलं, याच आनंदात मी आठवडाभर होतो.

शिमग्याला मुंबईकर आले. येणारच की. एरवी उमरठकडच्या आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप, पण पालखीला सगळे हजर. चुलतभावाची बायको माजघरात डोकावली.

"भावजी, एवढे पापड?"

"किती लाटायचे ते गणित माझं, वहिनी," मी छाती फुगवून म्हणालो.

सुनंदा डोळे मोठे करून खुणावत होती. पण गावाहून मुंबईला कुणी रिकाम्या हाताने गेलेलं पाहिलंय तुम्ही? मी पिशवी भरून दिली. तासाभरात काकी दारात.

"तिला दिलेस नि आमाला नाय रे?"

काकीला दिले, मग आत्याला नाही कसं म्हणणार? मुंबईच्या गाड्या सुटल्या तेव्हा डब्यांच्या तळाशी चुरा उरला होता.

"दुकानदाराला काय सांगू?" सुनंदाने एवढंच विचारलं. चिडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुदत अजून थोडी होती, म्हणून ऑर्डर हातची गेली नाही. मी रजा टाकली आणि पोळपाट घेऊन बसलो. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. सुनंदाने मुद्दाम स्पीकर लावला.

"पापड मस्तच हायत गो. किती लाटायचे ते म्हणे भावजी ठरवतात?"

सुनंदाने माझ्या पिठाने माखलेल्या हातांकडे पाहिलं.

"हो ना ताई. आता लाटतातपण तेच."