स्लाइड बदलली, मॅडम

साठे मॅडम आज पहाटे झोपेत गेल्या. जाताना कुणाला त्रास दिला नाही. जिवंतपणी भरपूर दिला होता.

आमच्या वारज्याच्या बिल्डिंगमध्ये माझ्या समोरचं दार त्यांचं. आयुष्यभर कॉलेजची लायब्ररी सांभाळली. लग्न केलं नाही.
मी चौथी शिकलेली. तरी आमचं जमायचं, कारण दोघींनाही गोड बोलता येत नव्हतं.

सोसायटीच्या नोटिशीत चूक दिसली की त्या लाल पेनानं सुधारायच्या. सेक्रेटरी वैतागायचा.
मग नोटिशी चुकांसकट तशाच राहायला लागल्या.

मी दार वाजवून सरळ विचारलं, "मॅडम, डोळे गेले की काय?"
"गेले. काचबिंदू. हळू बोला, जिना घुमतो."

तेव्हापासून हे फक्त मला माहीत.

फोनला बोलून पोस्ट लिहायची, हे मला त्यांनीच शिकवलं. माझी पोस्ट त्या फोनकडून वाचून घ्यायच्या आणि समोरून ओरडायच्या, "लीलाबाई, लांबलं!"
आज कितीही लांबवा.

मागच्या वर्षी ती कॉन्फरन्स आली. डिजिटल लायब्ररीवर. म्हणजे पुस्तकं कम्प्युटरवर चढवायची, लोकांनी घरबसल्या वाचायची.
मॅडमना तिथे पेपर मांडायचा होता. त्यांचं म्हणणं एवढंच, की तुम्ही जुन्या पुस्तकांचे नुसते फोटो काढून ठेवता. फोटो डोळस माणूस वाचतो. मशीनला तो मोठ्यानं वाचून दाखवता येत नाही. मग ज्याला दिसत नाही, त्यानं काय करायचं?

मी म्हटलं, "मग सांगा ना तिथे, मलाच दिसत नाही म्हणून."
"सांगितलं की संपलं. शाल घालतील, जिद्दीचं कौतुक करतील आणि पेपर कुणी ऐकणार नाही. लीलाबाई, मला कौतुक नकोय. कुणीतरी भांडायला हवंय."

अख्खा पेपर त्यांना तोंडपाठ. कुठल्या स्लाइडनंतर कुठली, तेही पाठ. फक्त बटण दाबल्यावर पडद्यावरचं चित्र बदललं की नाही, एवढं कळणार नव्हतं.
ते मी पहिल्या रांगेत बसून सांगायचं.

"बांगड्या वाजवते," मी म्हटलं. नवरा गेल्यावरही मी बांगड्या काढल्या नाहीत. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.
"अहो, तो परिसंवाद आहे, हळदीकुंकू नाही. चित्र बदललं की एकदा खोका. कुणाला कळणार नाही."

मी हात धरून त्यांना स्टेजवर नेलं. लोकांना वाटलं, गुडघे दुखत असतील. हातात कागद होते, ते शोभेला.

पहिल्या स्लाइडा नीट गेल्या.
मग बटण अडकलं. चित्र हललं नाही. मी गप्प.
आणि माझ्या मागचे एक रिटायर्ड प्रोफेसर खोकले.
मॅडम पुढे निघाल्या.

पुन्हा बटण. पुन्हा काही नाही. या वेळी डावीकडची बाई खोकली.

कडक एसी आणि हॉलमध्ये निम्मी माणसं सत्तरीची. एवढ्या हुशार बाईच्या हे डोक्यात आलं नव्हतं.

मॅडम सांगत होत्या, "पाहा, अक्षर किती स्वच्छ आलंय."
पडद्यावर वाळवी लागलेलं कपाट.

हॉल हसला. अध्यक्ष माइकमध्ये म्हणाले, "मॅडम, स्लाइड मागेच राहिली. दिसत नाही की काय?"
ते आपले गंमत करत होते.

मॅडम थांबल्या. मला वाटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून नेतील.

"नाही दिसत," त्या म्हणाल्या. "म्हणूनच हा पेपर आहे."

मग अध्यक्ष उठले, टाळ्या वाजवायला लागले. "मॅडमच्या या जिद्दीला..."
"बसा. माझी वेळ अजून संपलेली नाही. लीलाबाई, खोकला पुरे. बांगड्या वाजवा."

वाजवल्या. प्रत्येक स्लाइडला. कुणी हसलं नाही.

प्रश्नांच्या वेळी सगळे कौतुक करून खाली बसत होते. मॅडमचं तोंड कडू होत चाललेलं.
शेवटी मागून एक चष्मेवाली मुलगी उठली. खराडीला कम्प्युटरच्या कंपनीत आहे म्हणे.
"मॅडम, मला तुमचं पटलं नाही. फोटो पटकन होतात. एकेक अक्षर तपासत बसलो तर पुस्तकं वर्षानुवर्षं पडून राहतील. तोवर वाळवी थांबणार आहे का?"

लग्नाला मागणी आल्यासारखा मॅडमचा चेहरा खुलला.
दोघी जेवणाच्या रांगेतही भांडत होत्या. माझी पोळी गार झाली.

शाल शेवटी आलीच. मॅडमनी ती तिथल्या तिथे माझ्या अंगावर टाकली. "यांना द्या. एसी बाधलाय."

येताना रिक्षात म्हणाल्या, "काय भांडली हो ती!"
"हरलात?"
"अजून ठरायचंय."

तेव्हापासून ती मुलगी फोन करायची. परवासुद्धा मॅडमचा चढलेला आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत होता.

आज ती धावत आली. जिन्यातच रडायला लागली.
"आजी, त्यांचं बरोबर होतं. मला कधीचं पटलं होतं. मी सांगितलंच नाही."
"बरं केलंस," मी म्हटलं. "पटलं म्हणाली असतीस, तर त्यांनी दुसरी शोधली असती."

मॅडमना खाली नेताना सगळे गप्प उभे होते.
गप्प बसलेलं त्यांना चालायचं नाही. पुढे जायचं की थांबायचं, कळायचं नाही.

मी अंगावरची ती शाल मागे सारली आणि बांगड्या वाजवल्या. जिना घुमला.

स्लाइड बदलली, मॅडम. चला पुढे.