पिक्चरमधली टाळी

हे कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती लागलंच, तर आधीच माफी मागते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील आणि अक्षर गिचमिड आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच. मला मुलांच्या रांगेत बसवायचे आणि मला मुलींच्या रांगेत बसायचं असायचं. रोजच्या चेष्टेला कंटाळून मी जाणंच सोडलं. घरच्यांच्या लेखी मी मुलगा. मी मात्र कळायला लागल्यापासून मुलगीच होते.

भूकंपात आमचं औशाकडचं घर पडलं, माणसं वाचली. गाव पत्र्याच्या शेडांत राहायला गेलं. तिथे कोणीतरी एक टीव्ही आणून दिला, आणि रविवारी सगळं गाव त्याच्यासमोर बसायला लागलं. एका पिक्चरमध्ये मी माझ्यासारखं माणूस पहिल्यांदा पाहिलं. साडी नेसलेलं, जाड आवाजाचं, कंबर हलवत टाळ्या पिटणारं. लोक पोट धरून हसले. मीही हसले, आणि मग शेडामागे जाऊन ती टाळी करून पाहिली. माझ्यासारखं दुसरं कोणी मी पाहिलंच नव्हतं. वाटलं, आपण असे आहोत तर आपल्याला हे आलंच पाहिजे. तळवे लाल होईपर्यंत सराव करायचे.

मोठी झाल्यावर नांदेडला एका डेऱ्यावर गेले. आमच्या लोकांत एक गुरू असते आणि तिच्याकडे चेल्या राहतात. आमच्या गुरूला सगळ्या अम्मा म्हणायच्या. पहिल्याच दिवशी मी मोठ्या ऐटीत कंबर हलवून टाळी वाजवून दाखवली. अम्माला पान खाता खाता ठसका लागला.

"कुठं शिकलीस गं हे? पिक्चरात?"

"हाव."

"टाळी वाजवून राहिली का मच्छर मारून राहिली?"

मग तिने स्वतः वाजवली. बोटं फाकवून, तळव्यावर तळवा आडवा, कंबर जागच्या जागी. पत्र्यावरची कबुतरं उडाली. ती टाळी मी शिकले, पण माझं तोंड काही उघडेना. बाजारात दुकानादुकानातून पैसे मागायला गेलो की मी सगळ्यांच्या मागे. एक दुकानदार म्हणायचा, "ती मागची मुकी हाय का?" घरी येऊन मी मुकाट भाकऱ्या थापायचे. त्या मात्र सगळ्या मागून मागून खायच्या.

तेव्हा लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लोगल्ली खोल्या, खोल्याखोल्यांत भुकेली पोरं. मी अम्माला म्हटलं, मेस काढते. डेरा सोडायचा तर गुरूला रक्कम द्यायची, अशी आमची रीत. माझ्याकडे दमडी नव्हती. अम्मानेच उलट भांड्यांना पैसे दिले.

"दोन्ही मिळून फेड. फिटेस्तोवर माझी चेली, मग तुझी तू. मेस बंद पडली तर इथं ये आन् टाळी वाजव."

लातूरला मी मुखेडकडची विधवा झाले. आवाजाचं कोणी विचारलं की म्हणायचे, "बारमाही सर्दी हाय." पोरं मावशी म्हणायला लागली, मेस चालली. पोरांच्या हट्टापायी जुना टीव्हीही घेतला.

आणि त्या टीव्हीनेच घात केला. एका संध्याकाळी विनोदी कार्यक्रम लागला होता. पुरुष साडी नेसून आलेला, तीच कंबर, तीच टाळी. एक पोरगा उठून त्याची नक्कल करायला लागला. माझे हात कणकेत. मला काय झालं कोणास ठाऊक, राहवलंच नाही.

"आसं न्हाई रे! बोटं फाकव!"

आणि वाजवली. पीठ उडालं. पोरं हसायची थांबली. टीव्हीतले लोक तेवढे हसत राहिले.

रात्रभर मला नांदेडचा बाजार दिसत होता. सकाळी सवयीने नेहमीएवढंच पीठ भिजवलं. कंधारहून एकाचे वडील येऊन आगाऊ दिलेले पैसे आणि पोरगा दोन्ही घेऊन गेले. बाकीची आली, ताटात मान घालून बसली. शेवटी तो नक्कल करणारा म्हणाला, "मावशी, वरणात मीठ न्हाई."

मीठ विसरल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

मग हळूच म्हणाला, "त्या टीव्हीवाल्यानं तुमच्यातलं कोणी बघितलं नसंल. मी बी न्हवतं बघितलं."

त्याच्या शेजारी जेवणारी मुलगी फिस्सकन हसली. "रोज तिच्याच हातचं गिळतूस की, म्हशा!"

मेस भरलेलीच राहिली. सर्दी मात्र तेव्हाच बरी झाली.

शेवटचा हप्ता घेऊन नांदेडला गेले तेव्हा अम्मा टीव्ही बघत होती. त्यात आमच्यातलीच एक बाई, सुती साडी, आपल्या ऑफिसातल्या कामाबद्दल बोलत होती. हात मांडीवर.

"ही टाळी वाजवतच न्हाई की गं," अम्मा म्हणाली.

"गरज न्हाई पडली तिला."

ही बाई शेडातल्या टीव्हीवर दिसली असती, तर माझे तळवे लाल झाले नसते. ऑफिसला गेले असते असं नाही. भाकऱ्याच थापल्या असत्या, पण चोरून नाही.

अम्माने बोट ओलं करून नोटा मोजल्या, एक फाटकी उजेडात धरून पाहिली, आणि सगळ्या कमरेला खोचल्या.

"फिटलं सगळं. आता तुझी तू," ती म्हणाली. "जा, भाकऱ्या टाक. भूक लागली."