जप्तीतला हुरडा

नव्वदच्या दशकात मी इंदापूरच्या कोर्टात बेलिफ होतो, आणि नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. त्यामुळे पळसदेवजवळच्या एका आबांची उभी ज्वारी जप्त करायचं वॉरंट हातात पडलं, तेव्हा सगळी कलमं घोकूनच निघालो. सोबत आबांकडं ज्यांचे पैसे थकले होते ते बारामतीचे खतवाले शेठ. पंच गावातलेच दोघं घेतले.

बांधावरच्या बाभळीला वॉरंट डकवलं आणि पंचनामा लिहायला बसलो. तोवर आबांनी आगटी पेटवून कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसलीसुद्धा. मी म्हटलं, "आबा, पीक आता कोर्टाच्या ताब्यात आहे. एक कणीस मोडता येणार नाही."

"असूंदे की. हुरड्याच्या दिसात बांधावर आलेला माणूस उपाशी जातो व्हय?"

पंच तर आधीच हात चोळत बसले होते. गरम हुरडा, लसणाची चटणी, वर दही. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. घोकलेली कलमं तिथंच विसरलो. शेठजींनी मांडी घातली आणि मागून मागून खाल्लं.

पुढं ज्वारी निघाली, विकली, पण देणं पुरतं फिटलं नाही. लगेच शेठजींचा कोर्टात अर्ज: बेलिफानं जप्तीतलं पीक खाऊ दिलं, त्याच्यावर कारवाई करा. स्वतःच्या खाण्याबद्दल अवाक्षर नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी गेली असं धरूनच मी साहेबांपुढं उभा राहिलो. शेठजींबरोबर आबांनाही बोलावलं होतं.

"कोणी कोणी खाल्ला?" न्यायाधीश साहेबांनी विचारलं.

"मी, पंचांनी आणि शेठजींनी. सगळ्यात जास्त शेठजींनी."

साहेबांनी ओठ दाबले. मग आबांना म्हणाले, "शेठजींनी खाल्ला त्याची किंमत सांगा. तेवढी तुमच्या देण्यातून वजा करू."

मला वाटलं, आबा खूश होतील. म्हातारा ताडकन उठला. "हुरड्याचं पैसं? साहेब, गावात कळलं तर माझ्या बांधावर पुन्यांदा कोण येईल का? लावायचं तर अजून देणं लावा, पर ह्ये न्हाय."

शेठजींचा चेहरा पार उतरला. त्यांनी अर्ज मागं घेतला आणि माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्यावर शेठजी पुटपुटले, "आबा, वजा करून घ्यायचं होतं की."

"तुमचं देणं फेडीन, शेठ. पर हुरडा माझा हुता. त्यो मी खाऊ घातला."

कायद्यानं तो आबांच्या ताब्यात नव्हताच. पण हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.