झाडू नसलेली गड्डी

समजा, तुम्ही एका लांब टेबलाशी बसला आहात. हातात पाच कार्डं, समोर एक अनोळखी माणूस. हा नेहमीच्या पत्त्यांचा खेळ नाही. इथे प्रत्येकाने आपली गड्डी घरी जुळवून आणायची असते, त्यामुळे समोरच्याकडे काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. दर खेळीला दोघांनी एकेक दिव्याचं कार्ड मांडायचं. जितके दिवे, तितकं भारी कार्ड खेळता येतं. तुमच्या तीन खेळ्या झाल्या. दोन शिपाई टेबलावर उभे आहेत, आणखी दोन हातात आहेत. ते उतरवले तर समोरच्याची कोंडी होईल. मग उतरवा की.

नाही उतरवणार तुम्ही. कारण पुढच्या खेळीला समोरच्याचा चौथा दिवा लागेल, आणि चार दिव्यांत झाडू येतो.

छापील नाव त्याचं लांबलचक आहे, त्यात सम्राट वगैरे आहे, पण आमच्या दुकानात सगळे त्याला झाडूच म्हणतात. तो आला की समोरच्याचे झाडून सगळे लहान शिपाई टेबलाबाहेर. एका कार्डाने अख्ख्या खोलीला शिस्त लावली होती. काहींनी लहान शिपाई ठेवणंच सोडलं. काहींनी झाडूतून वाचणाऱ्या शिपायांचीच गड्डी बांधली. आणि एका गड्डीत तीन झाडू चालतात म्हटल्यावर प्रत्येकजण तीन ठेवायचाच. नवा माणूस आला की आधी त्याचे झाडू विचारायचे, नाव मागाहून.

माझी आत्या या खोलीत पोचली ती दातांमुळे.

ती कवळ्या बनवते. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतो, आत्या त्यावर मेणात एकेक दात बसवते, मग ते सगळं पितळी डब्यात प्लास्टरमध्ये गाडून, मेण वितळवून, त्या जागी गुलाबी मसाला दाबून भरते आणि उकळते. उकळल्यावर डबा आपोआप गार होऊ द्यावा लागतो. घाई केली तर कवळी वाकते, आणि वाकलेली कवळी कुणाच्याच तोंडात बसत नाही. त्यामुळे आत्याच्या दिवसात काम थोडं आणि वाट बघणं फार. तिची लॅब पहिल्या मजल्यावर, कार्डांचं दुकान बरोबर खाली. बरीच वर्षं ती त्या दुकानासमोरून नुसती जात-येत होती.

मग एका बसचालकाचे पुढचे दात गेले. ते बसच्या पायरीवरून घसरले होते. तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं, खाली खेळायला जाणंही टाकलं होतं. डॉक्टरांनी माप पाठवलं, पण आत्याने निरोप धाडला की दात पडण्याआधीचा एखादा फोटो पाठवा. ओळखपत्रावरचा फोटो आला. त्यात एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला होता. आत्याने नवे दातही तसेच बसवले, एक जरासा वाकडा. डॉक्टर म्हणाले, चूक झाली आहे. आत्या म्हणाली, त्यांना आरसा दाखवा, मग बोलू.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसाहेब स्वतः जिना चढून आले.

"ताई, बायकोला कळलंच नाही. मी सांगितलं तेव्हा कळलं."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुमचं नाव व्हावं म्हणून." ते हसले, आणि हसताना हात तोंडावर नेला नाही. "डबा गार होईपर्यंत काय करता?"

"डब्याकडे बघते."

"खाली चला. तुम्हाला एक खेळ शिकवतो. तेवढेच उपकार फिटतील."

उपकार फिटायला बरीच वर्षं लागली, म्हणजे अजून लागतायत. त्यांनी आत्याला शिकवलं, हरवलं, पुन्हा शिकवलं. मीही तिच्यामागून खेळायला लागले आणि आजवर तळाची जागा सोडलेली नाही. आत्या मात्र वर सरकत गेली. पुढे काही वर्षं तिला एकच हौस होती. दुकानातल्या वार्षिक स्पर्धेत जो पहिला येतो, त्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या स्पर्धेत खुर्ची मिळते. ती खुर्ची दरवर्षी ड्रायव्हरसाहेब न्यायचे. आत्याला एकदा बघायचं होतं, की या खोलीत शिकलेलं या खोलीबाहेर चालतं का.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तिची तयारी भक्कम होती. गड्डी ती लॅबमध्येच ठेवायची. आणि लॅबमध्ये दिवसभर वाफ.

चमकदार कार्डांची एक खोड असते. त्यांच्या एका बाजूला चंदेरी थर असतो, दुसऱ्या बाजूला कागद. कागद ओल शोषतो, थर शोषत नाही, आणि कार्ड नावेसारखं वळतं. वळलेलं कार्ड गड्डीत पाठीमागूनही ओळखू येतं, म्हणून ते स्पर्धेत चालत नाही. आत्याचे तिन्ही झाडू चमकदार होते आणि तिन्ही वळले होते. साधा माणूस ती कार्डं जाड पुस्तकाखाली ठेवून झोपला असता. पण आत्याकडे दाब देणारं यंत्र आहे, ज्यात ती कवळ्यांचे डबे आवळते. तिने तिन्ही कार्डं शेजारी-शेजारी ठेवली आणि आवळलं. वरच्या पाटावर थोड्याच वेळापूर्वी उकळत्या पाण्यातून काढलेला डबा ठेवला होता, हे तिच्या डोक्यातून गेलं.

संध्याकाळी मी गेले तेव्हा ती स्टुलावर बसली होती. कार्डं सपाट झाली होती, यात शंका नाही. सम्राटाच्या तोंडावर मात्र फोड आले होते, आणि एकाचा मुकुट सुटून यंत्राच्या पाटाला चिकटला होता.

"आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले, गार होऊ द्या, घाई करू नका," ती म्हणाली.

"कुणाकडून तरी मागू या."

"कुणाकडे चौथा आहे? सगळे तीन-तीन घेऊनच बसणार."

खरंच होतं. तिने तीन झाडूंच्या जागी तीन लहान शिपाई घातले, ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मला तोंड बंद ठेवायला सांगितलं. दुकानदार पंच होता, त्याला गड्डीची यादी द्यावीच लागली. त्याने ती वाचली, आत्याकडे पाहिलं, आणि घडी घालून खिशात ठेवली.

मध्ये एकच गोष्ट झाली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरसाहेब कवळीची तार सैल झाली म्हणून वर आले. आत्या तार आवळत होती तेवढा वेळ ते यंत्राशेजारच्या स्टुलावर बसले होते. पाटावर तो चंदेरी मुकुट तसाच होता, नखाएवढा. ते तिकडे बघत होते की खिडकीबाहेर, हे आत्याला तेव्हा कळलं नाही, कारण तिचं लक्ष तारेत होतं. दात तोंडात नसल्यामुळे तेही काही बोलले नाहीत.

स्पर्धेत जे झालं ते मी अजून लोकांना सांगते. आत्याचा चौथा दिवा लागायचा आणि समोरच्याचा हात थांबायचा. चांगले चांगले शिपाई मुठीत धरून माणसं बसून राहायची. तिच्या गड्डीत झाडू नव्हताच, पण समोरचा रोज तीन झाडूंशी खेळणारा, त्याच्या डोक्यात तो होताच. समोर टेबल रिकामं, आणि आत्याचे बिनकामाचे शिपाई आरामात पुढे. दोनदा समोरून झाडू आला आणि तिची रांग साफ झाली, पण उरलेल्या डावांनी तिला तारलं.

दुपारच्या सुट्टीत मी विचारलं, "आत्या, ही लबाडी नाही ना?"

"मी कुणाला म्हटलं माझ्याकडे आहे?"

"नाही."

"मग? त्यांनी विचारलं तर सांगीन. विचारत का नाहीत?"

शेवटच्या डावाला समोर ड्रायव्हरसाहेब. आत्याचा चौथा दिवा लागला. त्यांनी शिपाई रोखले. पाचवा लागला, तरी रोखले. इथवर सगळेच रोखतात. पण सहाव्या खेळीपर्यंत कुणी थांबत नाही, कारण समोरच्याकडे झाडू असता तर तो एव्हाना पडला असता. सहाव्या खेळीलाही ड्रायव्हरसाहेबांनी कार्डं मुठीतच ठेवली. त्यांचा स्वतःचा झाडू काही हाती लागला नाही. आत्याचे लहान शिपाई एकेक पाऊल पुढे गेले आणि डाव तिने जिंकला, खुर्चीही.

त्यांनी हातातली कार्डं टेबलावर उलटी करून दाखवली. तीन शिपाई, लहान पण तिखट. त्यांतले दोन जरी उतरवले असते तरी आत्या हरली असती.

मग आत्याने आपली गड्डी टेबलावर पसरली. त्यात झाडू नव्हता, आणि का नव्हता तेही तिने सांगून टाकलं. खोलीतल्या सगळ्यांनी मान पुढे काढून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सकाळपासून आम्ही कुणाला घाबरत होतो?" आणि एकच हशा पिकला, हरलेलेही हसले.

ड्रायव्हरसाहेब सर्वांत जोरात हसले, तो वाकडा दात दाखवत. मग आपल्या गड्डीतून तिन्ही झाडू काढून आत्यापुढे ठेवले. "तिकडे मोठी माणसं येतात. घेऊन जा. आणि इस्त्री करू नका."

दुसऱ्या शहरात आत्या जिंकली कमी, हरली जास्त. पण परत आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. तिथेही चौथ्या दिव्याला माणसांचे हात तसेच थांबतात म्हणाली, अनोळखी माणसं, तरी आपल्यासारखीच. ड्रायव्हरसाहेबांची कार्डं तिने दोन पट्ट्यांत बांधून, कोरड्या डब्यात घालून परत केली. सोबत कवळीसाठी नवी डबी दिली, स्वतः बनवलेली.

पुढे कार्डं छापणाऱ्या कंपनीने झाडूवर बंदी घातली. आता तो कुठल्याच स्पर्धेत चालत नाही. लहान शिपाई पुन्हा भाव खाऊन आहेत आणि नव्या मुलींना झाडू म्हणजे काय तेही सांगावं लागतं. पण आम्हा जुन्यांचा हात चौथ्या दिव्याला अजून अडखळतो. ड्रायव्हरसाहेबांचा तर सहाव्यालाही. पिवळा दिवा दिसला की ब्रेक, असं ज्याने आयुष्यभर केलं, त्याला थांबायला कारण लागतंच असं नाही.

म्हणूनच आत्याचं कोडं सुटत नाही. तो मुकुट त्यांना दिसला असेल, तर त्या दिवशी ते मुद्दाम थांबले. नसेल दिसला, तर सवयीने थांबले, आणि ती जिंकली ते झाडूच्या दराऱ्यावर. तिने एकदा सरळ विचारलंही.

"साहेब, तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी कवळी काढून तिच्या हातावर ठेवली आणि बोटाने खूण केली, यांनाच विचारा.

आत्याने ती धुतली, तार तपासली, परत दिली. त्या दिवसाबद्दल ती कुरकुरत नाही. खुर्ची मिळाली, शहर पाहिलं, खोलीबाहेरही आपलं चालतं हे कळलं. कुणाचे तरी उपकार आहेत आणि ते तिला आवडतात. फक्त गार होणाऱ्या डब्याकडे बघत ती अजून मला अधूनमधून विचारते:

"आभार मानायचे ते नक्की कुणाचे गं, त्यांचे की झाडूचे?"