प्रकाशचा चिमटा

माझा नवरा गेला आणि लोकांनी सांत्वन दुसऱ्याच बाईचं केलं.

म्हणून लिहिते आहे. एरवी मी या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फक्त वाचते.

वणीच्या नंदाने प्रकाशसोबतचा फोटो टाकला. झरी जामणीच्या जंगलातली पायवाट, दोन सायकली, दोन हेल्मेट, आणि माझ्या नवऱ्याचे सगळे दात.

वर लिहिलं, "माझे रायडिंग पार्टनर गेले."

खाली रांग लागली. "सावरा ताई." "तुमचं दुःख शब्दांत सांगता येणार नाही, ताई."

एकाने विचारलं, "सरांच्या सायकलचा शॉकअप विकायचा आहे काय?" तेही तिलाच.

मी यवतमाळात, घरी होते. मला कोणी काही विचारलं नाही.

प्रकाश आणि मी कॉलेजात एका वर्गात होतो. म्हणून अरे-तुरे. तो मला चिडवायचं असलं की "मॅडम" म्हणायचा. मी शाळेत शिकवत असे, त्यामुळे ते गावालाही चालून गेलं.

रिटायर झाल्यावर लोक देवळात जातात, विहारात जातात, नातवंडांना शाळेत सोडतात. हा माउंटन बाइक घेऊन जंगलात जायला लागला.

मी सोबत जात नसे. मला दगडांवरून आपटत जाण्यात काय आनंद आहे ते कळलं नाही. अजूनही कळत नाही.

नंदाला कळायचं.

नंदा बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या सायकली विकत घेऊन खोलते. चांगले पार्ट ठेवते, बाकी भंगारात. प्रकाशची आणि तिची ओळख अशाच एका सेकंडहँड ब्रेकवरून झाली.

गेल्या हिवाळ्यात त्याने नवीन ध्यास घेतला. शॉकअप बदलायचा. आहे तो स्प्रिंगचा, कडक आहे. हवेचा पाहिजे, नरम पाहिजे. नवा नको, जुनाच चांगला बघू.

रोज फोन. जेवताना फोन.

एकदा मी पोळ्या करत होते आणि हा बाहेरच्या खोलीत. बाईचं हसणं फोनमधून स्वयंपाकघरापर्यंत आलं. मग याचा आवाज.

"नाही नाही, तू एकटी चिमटा काढू नोको. मी शनिवारी येतो ना. दोघं मिळून काढू."

माझी पोळी करपली.

"हळूच काढा लागते," हा म्हणाला. "घाई केली का बिघडते."

मी गॅस बंद करून बाहेर गेले. "कोणाला चिमटे काढून राह्यला तू?"

त्याने फोन हातावर दाबून धरला. मग इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं.

"अवो मॅडम, सायकलचा चिमटा! समोरचं चाक ज्याच्यात बसते तो! शॉकअप त्याच्यातच असते."

मी म्हटलं, "शनिवारी मी पण येते."

गेले. नंदाच्या अंगणात तिने विकत घेतलेली एक जुनी सायकल उलटी टांगलेली होती. चाळिशीची बाई, हात ग्रीसने काळे. "या मॅडम," म्हणाली, "तुमी चाक धरा." मी धरलं नाही.

चिमटा निघाला. प्रकाशने त्याच्या दोन्ही दांड्यांवरून नख फिरवलं. ओरखडा असला तर तेल गळतं म्हणे. मग तो जमिनीवर टेकवून, वरून अंगाचा भार देऊन दाबला, आणि कान जवळ नेऊन ऐकला. हवा फुसफुसते का ते.

संसारात इतका कान लावून त्याने माझं काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

"नरम आहे ना?" त्याने दोनदा विचारलं.

"लोणी आहे, सर," नंदा म्हणाली.

परत येताना प्रकाश चिमट्याचा खोका पोटाशी धरून बसला होता. मी खिडकीतून कापसाची शेतं बघत आले.

तो गेला तो घरीच. सकाळी, हातात पेपर, चहा अर्धा. जंगलात नाही, तिच्यासमोर नाही. एवढं तरी माझ्या वाट्याला आलं.

परवा प्रकाशचं पुण्यानुमोदन झालं. माणसं पांगली तरी नंदा गेली नाही.

"मॅडम, तो चिमटा मले परत द्या," म्हणाली. "लोक विचारून राह्यले. कोणाले विकू नोका."

"का? तुझा आहे का तो?"

ती रडायला लागली. मला राग आला. माझ्या घरात माझ्याआधी ती रडत होती.

"मीच आणून देल्ला ना, मॅडम. सरांचा डावा हात दुखे. चढावर थांबत. म्हणत, कडक शॉकअपचे धक्के लागतात हाताले. मले वाटलं, नरम लावला का दुखणं थांबंन."

डावा हात.

"मला का नाही सांगितलं?"

"नोको सांगू म्हणे. मॅडम सायकल कुलपात टाकतीन म्हणे."

टाकलीच असती.

आज सायकल कुलपात असती आणि प्रकाश ओट्यावर बसून माझ्याशी अबोला धरून असता. डॉक्टरच्या गोळ्या मी मोजून दिल्या असत्या आणि त्याने तोंड वाकडं करून घेतल्या असत्या.

चिमट्याचं प्रकरण मी केव्हाच हसण्यावर नेलं होतं. हे मात्र नेता येत नाही. त्याचं दुखणं माझं होतं. ते त्याने तिला दिलं. आणि तिने त्याला चिमटा दिला.

तिचा दोष नाही. दुखणं हृदयाचं होतं, त्या दोघांनी ते सायकलचं समजलं. हे मला कळतं. तरी तिच्याकडे बघवत नाही.

प्रकाश, तुला माझा शेवटचा जयभीम. रागात आहे, पण मनापासून आहे.

बाकीच्यांनी सांत्वनाला माझ्या घरी यावं.

परवा नंदाच्या हाती दिलं ते असं: हवेचा चिमटा एक, पुसून. त्यात हवा भरायचा लहान पंप. तिचाच एक पाना, आमच्याकडे राहिलेला.

सायकल दिली नाही. हेल्मेट दिलं नाही. नवरा तर मुळीच नाही.